एनॉक प्रॉसरची पेटी

लेम्स्टर
११ जानेवारी

रोलंड,

पत्र बघून दचकला असशील. कोणी मेलेलं नाही, आधीच सांगते. हाताने लिहितेय कारण ईमेल कोण कोण वाचतं याचा मला भरवसा नाही. आपल्या कारखान्यातले कॉम्प्युटर हेरेफर्डची एक कंपनी सांभाळते आणि तिथून जो माणूस येतो तो बोलताना माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. लिफाफा निदान कोणी फाडला तर दिसतो तरी. तूही उत्तर कागदावरच दे. देणार असशील तर.

नऊ वर्षांत ख्रिसमसचं कार्ड सोडलं तर आपण एकमेकांना काही पाठवलं नाही. बाबांच्या अंत्ययात्रेत तू चर्चच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. तो विषय आत्ता काढायचा नाही. मला तुला एकच सरळ प्रश्न विचारायचाय. लंडनच्या त्या लोकांना आपल्या दारात तू धाडलंस का?

कोणते लोक, असं भोळेपणाने विचारू नकोस. मिसेस पार्जिटरनी तुलाही त्यांच्या पत्राची प्रत पाठवली आहे. त्यांना कारखाना नको, आपली चौतीस माणसं नकोत, लाकडी सांगाडे नकोत. 'लॅथबरी' हे नाव आणि बॉनेटवरचा बिल्ला तेवढा विकत हवाय. गाड्या ते कुठेतरी भलत्याच ठिकाणी यंत्रांकडून ठोकून घेणार आणि वर आपला बिल्ला डकवणार. उत्तर ३१ मार्चच्या आत हवंय. मालकी आपली निम्मी निम्मी, म्हणजे सही दोघांची लागते.

आता माझ्या मनात पाल का चुकचुकली ते ऐक. इंजिनवाल्यांनी ऑगस्टअखेर कळवलं की या डिसेंबरनंतर पेट्रोलचं इंजिन मिळणार नाही. ते पत्र वाचलं कोणी? मी, मिसेस पार्जिटर आणि तू. आणि बरोबर अकराव्या दिवशी लंडनवाले हजर! योगायोग म्हणतोस? मिसेस पार्जिटर बाबांच्या वेळेपासूनच्या वकील आहेत, त्या स्वतःच्या नवऱ्यालाही वेळ सांगत नाहीत. मग राहिलं कोण?

मी त्या लोकांशी एक शब्दही बोललेली नाही, हे तुला कळावं.

आणि हो, मी विजेची गाडी करतेय. हस. 'बॅटरीवर खेळणी चालतात, लॅथबरी नाही,' असं मी तुला भर जेवणात म्हटलं होतं आणि तू बॅग भरून गोथेनबर्गला त्या मोठ्या विजेच्या गाड्यांवाल्यांकडे निघून गेलास. आता तीच खेळणी मी करतेय. दुसरा मार्ग नाही. गेल्या वर्षी आपली तीन गिऱ्हाइकं गाडीची वाट बघता बघता वारली, रोलंड. तरुण कोणी येत नाही. येतो तो म्हणतो, धूर किती सोडते, विमा किती पडेल, आणि जातो. दर सहा महिन्यांनी नवा नियम येतो. गाडीने हे ओळखलं पाहिजे, ते ओळखून टिंगटिंग वाजवलं पाहिजे. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी दोनशे माणसं बसलेली असतात. इथं मी आहे आणि माझा चष्मा.

१७ एप्रिलला सरकारी चाचणी आहे. विजेची गाडी त्यात पास झाली तर पुढच्या वर्षी आपल्याकडे विकायला काहीतरी असेल. नाही झाली तर दाराला कुलूप. इतकं साधं आहे.

ब्रायोनी

लेम्स्टर
३ फेब्रुवारी

रोलंड,

'मी पाठवलं नाही. गाडी कुठवर आली?' झालं? एवढंच? नऊ वर्षांनी बहीण पत्र लिहिते आणि तू दोन वाक्यांत आटपतोस. आणि गाडीत इतका रस कशाला बरं? ठीक आहे, सांगते. तुला आधीच कळलं असेल तर वेळ वाया गेला असं समजेन.

बॅटरीचा ट्रे कव्हेंट्रीहून गुरुवारी आला. त्याची आखणी थिया ऑल्डक्रॉफ्टची. थिया म्हणजे मी सप्टेंबरात घेतलेली इंजिनीअर, अडतीस वर्षांची, हुशार, बोलायला चटपटीत, आणि याआधी कुठं होती माहितीये? गोथेनबर्गच्या माणसांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत. मला हे नोव्हेंबरात कळलं. मी काही बोलले नाही. बघत राहिले.

ट्रे साखळीने वर उचलला, सगळे हातातली कामं टाकून बघायला आले. खाली सोडला. उजवीकडे लोण्यात सुरी जावी तसा उतरला. डावीकडे अडकला. थियाने पुन्हा उचलायला लावला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. आणि आपला सुतार एनॉक प्रॉसर चहाचा मग हातात धरून, खांबाला टेकून म्हणतो काय, "नाही बसायचा."

"का नाही बसायचा?" थिया म्हणाली. "ड्रॉइंगप्रमाणे दोन्हीकडे तीन मिलिमीटर जागा आहे."

"डावी बाजू कमी आहे ना."

"कमी म्हणजे?"

"अंगठाभर. म्हाताऱ्याचं पोट मोठं होतं."

बिचारी माझ्याकडे बघायला लागली. तिला कोण सांगणार की पहिली गाडी झाली तेव्हा आजोबा स्टिअरिंगमागे मावेनात, म्हणून मधली तुळई अंगठाभर डावीकडे सरकवली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक लॅथबरी तशीच होते. शेजारी बसणाऱ्याचे गुडघे गेली नव्वद वर्षं आखडतायत.

"मग ड्रॉइंगमध्ये दोन्ही बाजू सारख्या का आहेत?"

"ड्रॉइंग सरकारसाठी असतं, पोरी. गाडी पट्टीवरून होते." आणि त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली मापाची लाकडी पट्टी दाखवली, आजोबांच्या हातच्या खाचांची.

"मला हे कोणी सांगितलं का नाही? पाच महिने मी इथे आहे!"

"सगळ्यांना माहीत असतं."

"मी सगळ्यांतली नाहीये, मिस्टर प्रॉसर!"

"ते खरं," एनॉक म्हणाला आणि चहा प्यायला.

पत्रा ठोकणारे सगळे फिदीफिदी हसले. मला हसू आलं नाही. नवा ट्रे करायला कव्हेंट्रीवाले दहा आठवडे मागतात. म्हणजे चाचणी गेली. एकच उपाय उरतो, या एका गाडीचा लाकडी सांगाडा एनॉकने नव्याने करायचा, दोन्ही बाजू सरळ. ते काम दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही, हे तू जाणतोस. चार वर्षं तू त्याच्या हाताखाली शिकलास आणि तू बसवलेली दारंही खडखडायचीच.

"म्हाताऱ्याची गाडी सरळ करायची म्हणतेस?" त्याने मला विचारलं. उरलेला चहा संपवला. मग, "करतो."

हे 'करतो' त्याने ज्या आवाजात म्हटलं तो मला आवडला नाही. विजेच्या गाडीचा त्याला तिटकारा आहे. थिया पाच महिने चुकीच्या मापावर काम करताना त्याने बघितलं आणि तोंड उघडलं नाही. विसरला की मुद्दाम गप्प बसला? कुठेतरी पाणी मुरतंय, रोलंड.

ब्रायोनी

लेम्स्टर
१९ फेब्रुवारी

रोलंड,

आता मला कोणी वेडी म्हणू नये. पुरावाच मिळालाय.

काल लंडनवाल्यांचं दुसरं पत्र आलं. त्यात हे वाक्य आहे, जसंच्या तसं लिहिते: 'डाव्या बाजूच्या अडचणीमुळे आपल्या वेळापत्रकावर ताण आला असेल, याची आम्हाला कल्पना आहे.' डाव्या बाजूची अडचण! लंडनमध्ये बसून यांना आपल्या गाडीची डावी बाजू दिसते?

म्हणजे कोणीतरी आतून बोलतंय. मी कागदावर नावं मांडली आणि एकेक खोडत गेले. पत्र्यावाले नाहीत, त्यांना फुटबॉलपलीकडे काही सुचत नाही. गादीकाम करणाऱ्या बायका नाहीत. थिया असू शकते. परवा जेवणाच्या सुट्टीत फोनवर बोलत अंगणात गेली आणि मी दारात आले तशी आवाज उतरवला. एनॉक असू शकतो, तो मला टाळतो, बाकावर वाकलेला असतो आणि मी मागे उभी राहिले की हात थांबवतो. आणि तू तर आहेसच. तुझं नाव मी खोडलेलं नाही.

त्यांचा तो ट्रेहर्न म्हणून माणूस आहे, त्याच्यापासून सावध राहा, तुझ्यापर्यंत पोचला नसेल तर पोचेल. गोडबोल्या. मासा खाताना एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवतो, घाई म्हणून नाही. अशी माणसं तुमच्याकडून सगळं काढून घेतात आणि तुम्हाला वाटतं आपणच त्यांना ऐकवतोय.

आणि आज सकाळचं ऐक. आजोबांची पट्टी जागेवर नाही. नुसता खिळा. नव्वद वर्षं जी भिंतीवरून हलली ती फक्त बाकापर्यंत आणि परत, ती गेली. ती पट्टी ज्याच्या हातात त्याच्या हातात लॅथबरी, बिल्ला बिल्ला काय घेऊन बसलात! मी अजून कोणाला काही विचारलेलं नाही. विचारलं की चोर सावध होतो.

ब्रायोनी

लेम्स्टर
२७ फेब्रुवारी

रोलंड,

तर तू आणि एनॉक! वा. माझ्या पाठीमागे, माझ्याच छपराखाली.

मी त्याची पेटी उघडली. होय, मी. मंगळवारी सकाळी दहाच्या चहाला, सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या हत्यारांच्या पेटीला कोणी हात लावत नाही हे मला शिकवू नकोस, मी याच जमिनीवर रांगले. बाबा रंगाऱ्यालाही 'तुझी पेटी जरा सरकवतोस का' असं विचारायचे, स्वतः सरकवायचे नाहीत. माहीत आहे मला. पण पट्टी गेली होती आणि तो विचारल्यावर म्हणाला, "मला ठाऊक नाही," आणि माझ्याकडे न बघता रंधा मारत राहिला. माझं डोकं फिरलं.

"पेटी उघड, एनॉक."

त्याने रंधा थांबवला. "काय म्हणालीस?"

"उघड म्हणाले. नाहीतर मी उघडते."

"बाईसाहेब," तो म्हणाला. बाईसाहेब! मला पाळण्यात झोके देणारा माणूस. "तुमचा कारखाना. तुमची मर्जी."

मी कडी काढली. पट्टी नव्हती. पटाश्या होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या, आणि खालच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा. गोथेनबर्गचे टपालाचे शिक्के. तुझं अक्षर. नऊ वर्षांची कार्डं, रोलंड. मला वर्षाला एक, ख्रिसमसला, तेही छापील. त्याला महिन्याला एक!

वरचं मी मोठ्याने वाचलं. 'डाव्या बाजूचं काय ठरलं? ट्रे तिरका करून बसवता येतो का ते थियाला विचार. ब्रायोनीला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.' सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, "हा बघा तुमचा फितूर!" आणखीही बरंच बोलले. ते इथं लिहीत नाही.

एनॉक पेटीपाशी आला. पटाश्या पुन्हा फडक्यात गुंडाळल्या, एकेक, सावकाश. गठ्ठा माझ्या हातातून घेतला. पेटी बंद केली, खांद्यावर टाकली, टोपी घातली आणि निघून गेला. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, ती पेटी दोघांनी उचलायची. थिया मदतीला धावली तर मानेनेच नको म्हणाला. पत्र्याचा ठोका थांबला होता. इतकी शांतता मी त्या शेडमध्ये रविवारीसुद्धा ऐकलेली नाही.

आता तूच सांग, मी काय समजायचं? 'ब्रायोनीला सांगू नकोस.' हे तुझं वाक्य आहे की नाही?

सांगाडा अर्धा झालाय. बाकावर पडून आहे.

ब्रायोनी

लेम्स्टर
६ मार्च

रोलंड,

तुझं कार्ड मिळालं. 'ट्रेहर्न मासा कसा खातो हे तुला कसं माहीत?' बस्स, एवढीच ओळ.

कोणीतरी सांगितलं असेल. लोक बोलतात. तू माझी उलटतपासणी घ्यायला बसलास, आणि पेटीतल्या गठ्ठ्याबद्दल एक अक्षर नाही! मला कामं आहेत.

ब्रा.

लेम्स्टर
१४ मार्च

रोलंड,

आधीचं पत्र फाडून टाक. हे नीट वाच.

पट्टी मिळाली. चोरीला गेलीच नव्हती. थिया ती कव्हेंट्रीला घेऊन गेली होती, खाचांची मापं पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून कायमची नोंदवून घ्यायला. तिने मला विचारलं होतं. मी फोनवर होते आणि मान हलवली होती. वर तिने चिठ्ठीही ठेवली होती, ती माझ्या टेबलावरच्या कागदांच्या ढिगात तिसऱ्या नंबरला सापडली. पट्टी परत आणून तिने खिळ्याला टांगली आणि म्हणाली, "मिस लॅथबरी, तुम्ही मला विचारायचं होतं." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

आणि फोनवर मी कोणाशी बोलत होते तेही सांगते. ट्रेहर्नशी.

मी त्याला भेटले. जानेवारीत तुला लिहिलं एक शब्द बोललेली नाही, तेव्हाच एकदा भेटून झालं होतं. नंतर तीनदा. लडलोच्या बाजूला नदीकाठी एक जेवणघर आहे, तिथं. मासा तिथलाच. मी जायची ती त्याला ठणकावून 'नाही' म्हणून सांगायला, असं मी स्वतःला सांगायची. खरी गोष्ट अशी की पहिल्या भेटीत तो म्हणाला, "तुम्ही फार दमला असाल." नऊ वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं, रोलंड. कोणीसुद्धा. मी तिथं त्या अनोळखी माणसासमोर रडले आणि मग माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. डाव्या बाजूची गंमत मीच त्याला सांगितली. आजोबांचं पोट, थियाचा चेहरा, सगळं रंगवून. तो हसला. मलाही बरं वाटलं. आतून बोलणारं माणूस मी शोधत होते ना? ती मीच.

आणखी एक. थियाची ड्रॉइंग माझ्याकडे सहीला आली होती. नोव्हेंबरात. दोन्ही बाजू सारख्या बघून मी सही केली. मला डावी बाजू माहीत नव्हती? लहानपणी बाबांशेजारी बसून माझेच गुडघे सोलले ना! पण कागदावर ती तशीच असते, सरळ, आणि आपल्याकडे कागद कोण बघतं? आपण सगळेच तसे. मी एनॉकवर जो आळ घेतला तो माझ्यावर घ्यायचा होता.

मिसेस पार्जिटरना काल विचारलं. त्या म्हणाल्या, तुझा नकार सप्टेंबरपासून त्यांच्या फायलीत पडून आहे. "तुम्ही कधी विचारलंच नाही," म्हणाल्या. सप्टेंबर! लंडनवाल्यांनी इंजिनाची बातमी कुठून काढली तर इंजिनवाल्यांनी आपल्यासारख्या सगळ्याच लहान गिऱ्हाइकांना एकाच दिवशी पत्रं धाडली होती, त्यात गुपित ते काय. हेही त्यांनीच सांगितलं.

मला शरम वाटते. ती कुठं ठेवायची ते कळत नाही.

आता कारखान्याचं. एनॉक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत आले तर एकाही बाकाखाली पेटी नव्हती. सगळ्यांनी घरी नेल्या. रोज सकाळी प्रत्येक जण त्या दिवसापुरती हत्यारं एका कापडी पिशवीत आणतो आणि संध्याकाळी घेऊन जातो. संप नाही, तक्रार नाही. 'गुड मॉर्निंग' नेहमीसारखं. पिशव्या तेवढ्या खुंटीला लटकलेल्या. काल रंगारी ब्रश विसरला तर जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन घेऊन आला, पण कोणाचा मागितला नाही, कारण माझं लक्ष आहे असं त्याला वाटलं. लक्ष होतंच.

सांगाडा अर्धाच आहे. दोघांनी प्रयत्न केला. एकाने दाराचा खांब कापला तो थियाने मापला आणि हळूच सरपणात टाकला.

एनॉककडे जायची हिंमत होत नाहीये. जाईन.

ब्रायोनी

लेम्स्टर
३० मार्च

रोलंड,

लंडनवाल्यांना 'नाही' म्हणून कळवलं. मिसेस पार्जिटरनी परवा पत्र धाडलं. ट्रेहर्नचा फोन आला, मी उचलला नाही. आता आपल्याकडे फक्त ही गाडी उरली आहे आणि १७ एप्रिल.

आज सकाळी चर्च सुटल्यावर एनॉककडे गेले. त्याच्या बायकोने, नेस्टाने दार उघडलं. "चहा आत घ्यायचा की फाटकावर?" तिने त्याला विचारलं, मला नाही. "फाटकावर," तो आतून म्हणाला. मग बाहेर आला, कोट घालून. मी माफी मागितली. आडवळणं घेतली नाहीत. पट्टी, ट्रेहर्न, माझी सही, सगळं सांगितलं. कप हातात धरून त्याने ऐकलं.

"कार्डं वाचलीस का सगळी?" त्याने विचारलं.

"नाही. वरचंच."

"वाचायची होतीस. दर कार्डात तेच विचारतो तो. ब्रायोनी जेवते का, ब्रायोनी खोकते का. मला दरवेळी नवीन काय लिहू असा प्रश्न पडायचा." मग म्हणाला, "मी लिहायचो, ओरडते, म्हणजे बरी आहे."

मी रडले ते लिहीत नाही. लिहिलंच.

"माफ केलं म्हण, एनॉक."

"केलं. त्यात काय, पोरी. गेल्या आठवड्यातच केलं."

"मग उद्या ये. सांगाड्याला किती लागतील?"

"बारा दिवस. तेरा."

"मग जमतं! उद्यापासून धरलं तर..."

"मी तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही," तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते. "ती पेटी मी पंधरा वर्षांचा असताना केली. तुझ्या आजोबांनी करायला लावली, पहिलं काम म्हणून. छप्पन्न वर्षांत झाकण मी सोडून कोणी उघडलं नव्हतं, हिनेसुद्धा नाही. आता तू माझ्या मागून आलीस की माझा हात थांबेल. करवतीवर हात थांबून चालत नाही. लाकूड जाईल, नाहीतर बोट जाईल."

"मी लांब राहीन. ऑफिसातून खाली येणार नाही."

"तू येशील. तू ना, जिन्यावर येशील आणि मग दारात येशील. तुला मी लहानपणापासून बघतोय." नेस्टा आतून खोकली. तो म्हणाला, "रोलंडला बोलाव. तो ज्या दिवशी तुझ्या खुर्चीत बसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो. बाकीचेही पेट्या आणतील. मी बोललोय त्यांच्याशी."

"गाडी होईपर्यंत?"

"गाडीपुरतं नाही म्हणत मी, ब्रायोनी."

मी म्हटलं, हा कारखाना नऊ वर्षं कोणी ओढला? साथीच्या वर्षात एकही गाडी जात नव्हती तेव्हा कोणाला घरी बसवलं नाही ते कोणी? तो म्हणाला, "तू." कप फाटकाच्या खांबावर ठेवला आणि आत गेला. अर्धा तास मी गाडीत बसून होते. त्याचा इतका राग आला होता की परत जाऊन फाटक मोडावंसं वाटलं. मग वाटलं, तो बरोबर बोलतोय. मी जिन्यावर येईन आणि मग दारात येईन.

तेव्हा तू ये. हे विचारत नाहीये, मागतेय. तुझ्या कंपनीकडून सुट्टी घे, नोकरी सोड, काय करायचं ते कर, पण बुधवारपर्यंत ये. बुधवारी तू बसलास तर गुरुवारी तो येईल आणि सोळा तारखेला संध्याकाळी सांगाडा गाडीवर असेल. एक दिवस उशीर म्हणजे चाचणी गेली, आणि चाचणी गेली म्हणजे चौतीस जण गेले. मालकीचे कागद मिसेस पार्जिटर करतायत, माझी निम्मी राहू दे किंवा तीही घे. मला कारखाना सोडून जायचं नाही. तरी जातेय.

सकाळी साडेसातला फाटक उघडावं लागतं. दहाच्या चहाची वेळ हलवू नकोस. थियाचं ऐक, आणि तिच्याशी काय ठरतं ते सगळ्यांना मोठ्याने सांग, गृहीत धरू नकोस. गाडी नोंदवलेला चेल्टनहॅमचा दंतवैद्य दर शुक्रवारी फोन करून विचारेल की विजेच्या गाडीला आवाज का नाही, त्याला उत्तर नको असतं, बोलायचं असतं. मी लडलोला खोली बघितली आहे. तिथून कारखाना दिसत नाही.

एक विचारू? हे एनॉकच्या तोंडून तूच वदवलंस ना? त्या कार्डांतल्या एखाद्यात? मला खरंच तसं वाटतंय, हे लिहितानाही वाटतंय, आणि तू नाही म्हणालास तरी वाटत राहील. म्हणून उत्तर लिहू नकोस. ये.

ब्रायोनी